एफएचए कर्जावर अमेरिकेत घर घेताना: इन्स्पेक्शन कुणाचं, अप्रेजल कुणाचं?

पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा घरातल्या मोठ्यांचा एकच प्रश्न असायचा: ‘बँकेनं प्रोजेक्ट मंजूर केलाय ना?’ बँकेच्या वकिलानं टायटल बघितलं, व्हॅल्युअर चक्कर मारून गेला, की सगळे निर्धास्त. तोच हिशेब डोक्यात ठेवून आम्ही न्यू जर्सीत घर घ्यायला निघालो. ग्रीन कार्ड नवं, बचत बेताची, म्हणून कर्ज एफएचएचं, म्हणजे केंद्र सरकारच्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा विमा असलेलं. सरकारी कर्ज आहे, सरकारी नियमानं घर तपासलं जाणारच आहे, मग आपण वेगळे पैसे कशाला घालायचे, असं मी एजंटला विचारलंही. तिनं आग्रह धरला म्हणून इन्स्पेक्शन केलं, पण यादीतली एक तपासणी आम्ही खोडली. सांडपाण्याच्या पाइपात कॅमेरा घालायचे अडीचशे डॉलर वाचवले.

आठ महिन्यांनी, गौरीजेवणाच्या दिवशी, पंचवीस पानं उठल्यावर भांडी घासायला नळ सोडला आणि बेसमेंटमधल्या जाळीतून काळं पाणी वर आलं. अंगणातल्या मेपलची मुळं 1954 सालच्या मातीच्या पाइपात शिरली होती. खर्च साडेसात हजार डॉलर. यात अप्रेजरची, म्हणजे कर्जासाठी घराची किंमत ठरवणाऱ्या माणसाची, काही चूक नव्हती. पाइप बघणं हे त्याचं कामच नव्हतं, आणि हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पुढची क्रमवारी आमच्या अनुभवावरून आहे. उदाहरणं न्यू जर्सीची जास्त येतील, पण कर्जाचे नियम केंद्राचे आहेत, ते सगळीकडे सारखे.

1. आधी कर्ज आपल्याला मिळतंय का ते बघा

सरकार स्वतः कर्ज देत नाही (काही अपवाद सोडून). कर्ज लेंडरच देतो, सरकार त्याचा विमा किंवा हमी घेते. आपल्या लोकांच्या कामाचे प्रकार तीन. एफएचए: 580 किंवा त्यावर क्रेडिट स्कोअर असेल तर 3.5 टक्के डाउन पेमेंट. व्हीए: सैन्यात असलेल्या किंवा होऊन गेलेल्या लोकांसाठी, डाउन पेमेंट शून्य असू शकतं. यूएसडीए: ग्रामीण ठरवलेल्या भागांसाठी, तिथंही शून्य, पण उत्पन्नाची मर्यादा आहे.

आता सगळ्यात मोठा बदल, जो जुन्या सल्ल्यांमध्ये सापडणार नाही. 25 मे 2025 पासून एफएचए कर्ज फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना मिळतं (आणखी एक-दोन छोटे अपवाद आहेत). एच-1बीवर असाल तर एफएचए बंद. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला ‘एच-1बीवरही मिळतं, माझ्या मामेभावानं घेतलंय’ हे ऐकून दोन महिने घालवावे लागले. मामेभावानं 2022 मध्ये घेतलं होतं. एच-1बीवाल्यांसाठी कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी विमा किंवा हमी नसलेल्या, कर्जाचा मार्ग आहे. त्यांनी खालचा अप्रेजलचा भाग वरवर वाचला तरी चालेल, इन्स्पेक्शनचा मात्र पूर्ण वाचा.

एफएचएची किंमतही लक्षात असू द्या. सुरुवातीला कर्जाच्या 1.75 टक्के विमा हप्ता, आणि वर तो वार्षिक, बहुतेकांना 0.55 टक्के. डाउन पेमेंट 10 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर हा वार्षिक हप्ता कर्ज असेपर्यंत सुटत नाही. कन्व्हेन्शनल कर्जात रीफायनान्स केल्यावरच जातो.

2. दोन माणसं, दोन मालक

अप्रेजर लेंडर नेमतो, तोही एफएचएच्या यादीतला. पैसे तुम्ही भरता, पण काम तो लेंडरचं करतो. त्याचे प्रश्न दोन: घराची बाजारात किंमत किती, आणि घर एफएचएच्या किमान अटींत बसतं का. तुम्ही त्याला निवडू शकत नाही, आणि आकड्यासाठी फोन करणं तर सोडूनच द्या.

इन्स्पेक्टर तुमचा. तुम्ही शोधता, तुम्ही पैसे देता, रिपोर्ट तुम्हाला येतो. घर विकत घ्यावं का, हे तो सांगत नाही. घरात काय बिघडलंय आणि काय बिघडायच्या बेतात आहे ते सांगतो.

एफएचए कर्जात एक कागद तुमच्या हातात येतो, हड-92564-सीएन (हड म्हणजे केंद्राचं गृहनिर्माण खातं). त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं की होम इन्स्पेक्शन करून घ्या, अप्रेजल म्हणजे इन्स्पेक्शन नव्हे. आम्ही तो चाळीस कागदांच्या गठ्ठ्यात न वाचता सही करून दिला.

3. करारात तीन गोष्टी असल्याशिवाय पुढे जाऊ नका

न्यू जर्सीत एजंटनं केलेल्या करारावर सही झाली की तीन कामकाजी दिवसांचा अ‍ॅटर्नी रिव्ह्यू, म्हणजे वकिलाकडून करार तपासून घ्यायची मुदत, असते. टेक्ससमध्ये थोडी फी भरून ‘ऑप्शन पीरियड’ मिळतो, त्यात तुम्ही कुठल्याही कारणानं बाहेर पडू शकता. तुमच्या राज्यात काय आहे ते वकिलाला किंवा एजंटला पहिल्याच दिवशी विचारा आणि कॅलेंडरवर मांडा.

पहिली गोष्ट, इन्स्पेक्शनची अट. बाजार तापलेला असला की एजंट हळूच सुचवतात, ‘इन्स्पेक्शन सोडून द्या, ऑफर मजबूत होईल.’ कमी डाउन पेमेंटचं कर्ज घेणाऱ्यानं हे कधीही करू नये, असं माझं ठाम मत आहे. ज्याच्या खिशात क्लोजिंगनंतर, म्हणजे व्यवहार पुरा होऊन घर नावावर झाल्यावर, चार हजार डॉलर उरणार आहेत, त्याला छप्पर गळलेलं परवडत नाही. अगदीच स्पर्धा असेल तर किरकोळ दुरुस्त्या मागणार नाही एवढं लिहून द्या, पण बघायचा हक्क ठेवा.

दुसरी, एफएचएचं अमेंडेटरी क्लॉज. अप्रेजल करारातल्या किमतीपेक्षा कमी आलं तर तुम्हाला घर घ्यायची सक्ती नाही आणि अर्नेस्ट मनी, म्हणजे आपला इसारा, परत मिळतो. यावर खरेदीदार आणि विकणारा दोघांच्या सह्या लागतात. व्हीएमध्ये असंच ‘एस्केप क्लॉज’ असतं.

तिसरी, तारखा. इन्स्पेक्शन किती दिवसांत, उत्तर किती दिवसांत. एक दिवस उशीर झाला तरी हक्क गेला असं होऊ शकतं.

आणि हो, वास्तू बघायची असेल तर ऑफर देण्याआधी बघा. ‘ईशान्येला टॉयलेट आहे’ हे इन्स्पेक्शनच्या अटीत बसत नाही. आमच्या सासूबाईंनी फेसटाइमवर होकायंत्र मागितलं तोवर अ‍ॅटर्नी रिव्ह्यू संपला होता.

4. इन्स्पेक्शन: पैसे आणि वेळ इथं घाला

न्यू जर्सी आणि टेक्ससमध्ये इन्स्पेक्टरला राज्याचं लायसन्स लागतं. कॅलिफोर्नियात लागत नाही, तिथं व्यावसायिक संघटनेचं सभासदत्व आणि विमा दोन्ही विचारा. एजंटनं दिलेल्या तीन नावांपैकीच एक घ्यायला हवं असं काही नाही. नमुन्याचा रिपोर्ट मागा. फोटो नसलेला, ‘योग्य तज्ज्ञाकडून तपासून घ्या’ अशा वाक्यांनी भरलेला रिपोर्ट असेल तर दुसरा माणूस शोधा.

त्या दिवशी स्वतः हजर राहा. तीन तास लागतात, लागू द्या. आमचा इन्स्पेक्टर नोव्हेंबरच्या पावसात आला आणि म्हणाला, बरं झालं पाऊस आहे. घराला पूर्ण फेरी मारून त्यानं मागच्या खिडकीच्या चौकटीला स्क्रूड्रायव्हर टेकवला. जोर लावलाही नाही, तो चहात भिजलेल्या बिस्किटात जावा तसा आत गेला. वरून रंग ताजा होता. मग तो उकिडवा बसला आणि पागोळीचं पाणी कुठं जातंय ते दाखवलं: पन्हळीचा पाइप भिंतीच्या बुडाशीच संपत होता. बेसमेंटमध्ये उतरल्यावर त्याच कोपऱ्यात भिंतीला लोणा. हे तिन्ही धागे त्यानं जोडून दाखवले नसते, तर रिपोर्टात ते तीन वेगळ्या पानांवर आले असते आणि मला काही कळलं नसतं.

त्याला विचारायच्या गोष्टी:

- छप्पर, फर्नेस, एसी आणि वॉटर हीटर किती जुने? (वय बऱ्याचदा सीरियल नंबरवरून काढता येतं.)
- इलेक्ट्रिक पॅनल किती अँपिअरचं? 100चं असेल आणि उद्या इलेक्ट्रिक गाडी घ्यायची असेल तर खर्च आत्ताच धरा.
- वायरिंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे का? साधारण 1965 ते 1973 मधल्या घरांत ते सापडतं.
- राखाडी पॉलिब्युटिलीनचे पाण्याचे पाइप आहेत का? 1978 ते 1995 च्या बांधकामांत असतात. विमा कंपन्या नाक मुरडतात.
- जमिनीचा उतार घराकडे की घरापासून लांब?
- स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट खरंच बाहेर हवा सोडतो का? बरेचसे हूड हवा नुसती गाळून परत घरातच सोडतात. मिरचीच्या ठेच्याची फोडणी घालणाऱ्या घराला हा प्रश्न किरकोळ नाही. इन्स्पेक्टर हसला, पण वर चढून बघून आला.

मूळ इन्स्पेक्शनमध्ये जे येत नाही, ते वेगळं सांगावं लागतं. सांडपाण्याचा कॅमेरा: घर जुनं आणि अंगणात मोठं झाड असेल तर वादच नको, माझं बघून शहाणे व्हा. वाळवी: व्हीए कर्जात बऱ्याच राज्यांत ही तपासणी सक्तीचीच आहे. रेडॉन हा जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू आहे. त्याला रंग-वास नाही. दोन दिवस दारंखिडक्या बंद ठेवून मोजतात, आणि लिटरमागे 4 पिकोक्युरी किंवा जास्त निघालं तर पाइप आणि पंखा बसवून घ्यायचा सल्ला पर्यावरण खातं देतं. न्यू जर्सीच्या जुन्या घरांत आणखी एक भानगड: जमिनीत पुरलेली तेलाची टाकी. पूर्वी घरं तेलावर गरम करायचे. गॅस आला, टाकी मात्र कुठं कुठं तशीच राहिली. ती गळली असेल तर माती साफ करण्याचा भुर्दंड घराच्या मालकावर, आणि क्लोजिंगनंतर मालक तुम्ही. टाकी शोधणारा माणूस अंगणात यंत्र फिरवून तासाभरात सांगतो. टेक्ससमध्ये हीच जागा घराच्या पायाला द्या. तिथली चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि स्लॅब हलतो.

5. रिपोर्ट आला, आता काय मागायचं

रिपोर्ट साठ पानांचा येतो आणि पहिल्यांदा वाचताना घर आजच कोसळेल असं वाटतं. घाबरू नका. तीन ढीग करा: सुरक्षितता आणि रचना, महागड्या यंत्रणा, बाकी सगळं. विकणाऱ्याकडे पहिल्या दोन ढिगांतलंच मागा. सैल कडीकोयंड्यांची यादी पाठवली की मोठ्या मागणीचंही वजन जातं.

दुरुस्तीऐवजी क्लोजिंग खर्चात सूट मागता येते. एफएचएमध्ये विकणारा किमतीच्या 6 टक्क्यांपर्यंत हातभार लावू शकतो. दुरुस्ती आपल्या माणसाकडून, आपल्या डोळ्यांदेखत झालेली बरी, म्हणून मला सूटच आवडते. पण यात एक खोच आहे: जी गोष्ट अप्रेजर ‘करायलाच हवी’ म्हणून लिहील, तिथं नुसती सूट घेऊन भागत नाही. ती साधारणपणे क्लोजिंगआधी प्रत्यक्ष झालेली लागते. त्यामुळे सोलवटलेला रंग, उघड्या वायरी असं काही इन्स्पेक्शनमध्येच दिसलं, तर त्याची दुरुस्तीच मागा.

6. अप्रेजल

ही फी परत मिळत नाही, म्हणून लेंडरला सांगा की इन्स्पेक्शनची बोलणी मिटल्यावरच ऑर्डर द्या. तारखा जुळत असतील तर बहुतेक जण ऐकतात. लोन एस्टिमेट (कर्जाच्या खर्चाचा अंदाज देणारा लेंडरचा कागद) हातात येऊन तुम्ही ‘पुढे जायचंय’ असं कळवेपर्यंत लेंडर क्रेडिट रिपोर्टखेरीज कसलीच फी घेऊ शकत नाही, हेही ध्यानात असू द्या.

अप्रेजर आमच्या घरात अर्धा तास होता. त्यात मापं, फोटो आणि पुढच्या अटींवर नजर:

- घर 1978 आधीचं असेल तर सोलवटलेला, पोपडे आलेला रंग चालत नाही, कारण त्यात शिसं असू शकतं. गॅरेज आणि कुंपणही यात आलं.
- छपराचं आयुष्य निदान दोन वर्षं उरलेलं हवं.
- वीज, पाणी, गॅस चालू हवं.
- वॉटर हीटरला प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह हवा.
- बेडरूममधून आग लागल्यास बाहेर पडता यायला हवं. खिडकीला गज असतील तर ते आतून उघडणारे हवेत.
- अ‍ॅटिक आणि घराखालची पोकळी त्यानं बघायलाच हवी, निदान डोकं आणि खांदे आत घालून.

हे शेवटचं वाचायला गमतीदार वाटतं, पण यात पैसे जातात. अ‍ॅटिकची झडप बऱ्याचदा कपाटाच्या छतात असते आणि कपाट विकणाऱ्याच्या खोक्यांनी भरलेलं. झडप उघडता आली नाही की अप्रेजर परत येतो आणि परत येण्याची फी लागते. आदल्या दिवशी एजंटमार्फत सांगून झडपेखालची जागा मोकळी करून घ्या. हिवाळ्यात रिकामं पडलेलं घर असेल तर पाइप फुटू नयेत म्हणून पाणी बंद करून ठेवलेलं असतं, ते सुरू करायलाही आधी सांगा.

विहीर आणि सेप्टिक टँक असलेल्या घरांत अंतरंही मोजली जातात: विहिरीपासून टाकी 50 फूट, सांडपाणी मुरायची जागा 100 फूट (स्थानिक नियम परवानगी देत असेल तर 75).

आणखी दोन ठिकाणी फसू नका. विकणाऱ्यानं घर घेऊन 90 दिवस झाले नसतील, तर त्या घरावर सहसा एफएचए मिळत नाही. नवा रंग आणि पांढरी कॅबिनेटं असलेली ‘फ्लिप’ केलेली घरं बघताना आधीच्या विक्रीची तारीख काउंटीच्या नोंदीत तपासा. आणि काँडो असेल तर प्रकल्प एफएचएच्या मान्यतेत आहे का हे हडच्या संकेतस्थळावर ऑफरआधी बघा. फ्लॅटसंस्कृतीतून आलेले आपण काँडोकडे सहज वळतो आणि इथंच अडतो.

7. आकडा कमी आला तर

समजा, करार 4 लाख 20 हजार डॉलरचा आणि अप्रेजल 4 लाख 5 हजारांचं. एफएचए कर्ज दोन्हींतल्या कमी रकमेवर मोजतात. 4 लाख 5 हजारांचे 96.5 टक्के म्हणजे 3 लाख 90 हजार 825. बाकीचं तुमच्या खिशातून: 29 हजार 175. तुम्ही तयारी केली होती 14 हजार 700 ची. म्हणजे फरक 15 हजारांचा, पण तुमचा रोख भार जवळजवळ दुप्पट.

पर्याय चार. विकणाऱ्यानं किंमत उतरवणं (एफएचए खरेदीदाराला अमेंडेटरी क्लॉजमुळे इथं बळ मिळतं). फरक वाटून घेणं. फेरविचार मागणं. नाहीतर इसारा घेऊन बाहेर पडणं. फेरविचार लेंडरमार्फत मागतात, आणि ‘शेजारचं घर पाच लाखांना गेलं’ एवढ्यानं काही होत नाही. अप्रेजलची प्रत मागा (ती मिळणं हा तुमचा कायदेशीर हक्क आहे, क्लोजिंगच्या निदान तीन कामकाजी दिवस आधी), त्यातली चौरस फूट आणि बेडरूमची नोंद ताडून बघा, आणि अलीकडे विकलेली, तशीच, जवळची घरं एजंटकडून काढून द्या. चुका निघतात. व्हीएमध्ये तर आकडा कमी यायची चिन्हं दिसली की अप्रेजर आधीच कळवतो आणि पुरावा द्यायला दोन दिवस मिळतात. त्याला ‘टाइडवॉटर’ म्हणतात.

8. ‘सब्जेक्ट टू’ म्हणजे काय

आमचा आकडा बरोबर आला, पण शेजारी दोन शब्द: सब्जेक्ट टू, म्हणजे अमुक दुरुस्ती झाली तरच हा आकडा धरायचा. वेगळ्या बांधलेल्या गॅरेजच्या मागच्या खिडकीचा रंग सुटला होता. घराचं रंगकाम चकचकीत, आणि अडलं त्या हातभर चौकटीवर. विकणाऱ्यानं रंग खरवडून, पुन्हा लावून दिला. अप्रेजर परत आला, 1004डी फॉर्म भरला, त्याची फी आम्ही भरली. सव्वा आठवडा गेला.

हे काम स्वतः करायला जाऊ नका. घर अजून तुमचं नाही, पडलात तर कुणाचा विमा? आणि शिशाचा रंग कोरडा घासला की त्याची धूळ उडते, लहान मुलांना ती सगळ्यात घातक. नियम माहीत असलेला माणूसच बोलवा. दुरुस्त्या फारच मोठ्या असतील तर दुरुस्तीचा खर्च कर्जातच धरणारं एफएचएचं 203(के) कर्ज असतं. कागद दुप्पट, वेळ जास्त, पण मोडकळीला आलेलं चांगल्या जागचं घर त्यावर घेता येतं.

एका फाइलीत ठेवायचे कागद

करार आणि त्यातले सगळे बदल, अमेंडेटरी क्लॉज, हडचा इन्स्पेक्शनचा कागद, 1978 आधीच्या घरासाठी शिशाच्या रंगाची माहिती आणि पुस्तिका, इन्स्पेक्शनचे सगळे रिपोर्ट, दुरुस्तीच्या मागणीचं पत्र आणि विकणाऱ्याचं सहीचं उत्तर, दुरुस्तीची बिलं, अप्रेजल, 1004डी. फोटो तारखेसकट. तोंडी ठरलेलं काहीही ईमेलवर दोन ओळींत परत लिहून पाठवा.

9. शेवटची फेरी

क्लोजिंगच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी घर पुन्हा बघता येतं. घाईत उरकू नका. सामान हललेलं असतं, त्यामुळे सोफ्यामागची भिंत पहिल्यांदाच दिसते. दुरुस्तीची बिलं हातात घेऊन एकेक गोष्ट प्रत्यक्ष बघा. सगळे नळ एकदम सोडा, फ्लश करा आणि दहा मिनिटं तसंच चालू ठेवून खाली बेसमेंटमध्ये जाऊन जाळीपाशी उभे राहा.